रोनाल्ड रॉस : डासाच्या अळीमागे लागलेला डॉक्टर

मलेरिया डासांमुळे होतो हे सर रोनाल्ड रॉस यांनी शोधले, एवढे तुम्ही शाळेत वाचले असेल. त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हेही कदाचित आठवत असेल. पण या शोधानंतर रॉस पस्तीस वर्षे जगले आणि त्यातली बरीच वर्षे त्यांनी एकाच गोष्टीचा आग्रह धरण्यात घालवली. डास उडू लागण्याआधीच, म्हणजे तो पाण्यात अळीच्या रूपात असतानाच त्याला गाठा, हा तो आग्रह. आज तुमच्या घरी पिंपात लवंगेचे तेल टाकावे का, कुलरमध्ये कडुलिंबाचे तेल घालावे का, असा विचार चालला असेल, तर त्याचे उत्तर शोधताना रॉस यांचे आयुष्य उपयोगी पडते. म्हणून ही त्यांची गोष्ट.

नाइलाजाने झालेला डॉक्टर

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. मेरठला उठावाची ठिणगी पडून जेमतेम तीन दिवस झाले होते. वडील ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. त्यांना आवड होती चित्रकलेची, कवितेची, संगीताची आणि गणिताची. पण मुलाने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा होती. १८७४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी प्रवेश घेतला. अभ्यासात ते चमकले नाहीत. एका परीक्षेत नापास झाले, काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून राहिले आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये रुजू होऊन भारतात परतले.

१८८३ च्या सुमारास त्यांची नेमणूक बंगळूरला झाली. राहत्या बंगल्यात आपल्या खोलीत इतरांपेक्षा जास्त डास का, असा त्यांना प्रश्न पडला. शोधता शोधता खिडकीबाहेर ठेवलेली पाण्याची टाकी सापडली. तिच्यात अळ्या वळवळत होत्या. त्यांनी टाकी उपडी केली आणि डास कमी झाले. मग मेसमधल्या फुलदाण्या आणि आवारातले जुने डबेही रिकामे करू या, असे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला सुचवले. निसर्गाने निर्माण केलेल्या जिवांच्या वाटेला कशाला जायचे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्या अधिकाऱ्याने विषय संपवला. तेव्हा डास मलेरिया पसरवतो हे रॉस यांनाही माहीत नव्हते. प्रश्न फक्त चावण्याच्या त्रासाचा होता. पण उपाय त्यांना त्याच दिवशी हाती लागला होता.

सिकंदराबादचा २० ऑगस्ट

१८८० मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनी मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला होता. तो एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो हे मात्र कोणालाच कळले नव्हते. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेलेल्या रॉस यांना डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी तो परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला आणि यात डासाचा हात असावा अशी आपली कल्पना सांगितली. रॉस झपाटून गेले. १८९५ मध्ये ते मुंबईत उतरले, तेव्हा सामान जकातीतून सुटण्याआधीच मलेरियाचा रुग्ण शोधत तिथल्या रुग्णालयात पोहोचले.

पुढची दोन वर्षे निराशेची गेली. शेकडो डास चिरून पाहिले, हाती काही लागले नाही. मध्येच कॉलऱ्याच्या साथीसाठी बदली झाली, नंतर स्वतःलाच मलेरिया झाला. खरी चूक डासाच्या जातीत होती. ते पाहत होते ते नेहमीचे डास, आणि मलेरिया पसरवतो तो ठिपकेदार पंखांचा डास, म्हणजे आजच्या भाषेत ॲनाफिलीस.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला त्यांना या वेगळ्या डासाच्या अळ्या मिळाल्या. त्या अळ्या त्यांनी बाटलीत वाढवल्या. ही गोष्ट महत्त्वाची आहे. अळीपासून वाढवलेल्या डासाने आधी कोणालाही चावलेले नसते. त्यामुळे पुढे त्याच्या पोटात जे सापडेल ते आपण दिलेल्या रक्तातूनच आले, हे खात्रीने सांगता येते. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला एका डासामागे एक आणा देऊन त्यांनी हे डास त्याला चावू दिले. उकाडा प्रचंड होता, पण डास उडून जातील म्हणून पंखाही चालू ठेवता येत नव्हता. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या डासात त्या आणखी मोठ्या झालेल्या होत्या. परजीवी डासात वाढत होता. म्हणूनच २० ऑगस्ट हा आज जागतिक डास दिन आहे.

लगेच त्यांची बदली राजपुतान्यात झाली आणि काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्याला संधी मिळाली, तेव्हा माणसांच्या मलेरियाचे रुग्ण पुरेसे मिळेनात, म्हणून त्यांनी पक्ष्यांचा मलेरिया घेतला. सहायक महंमद बक्ष यांच्या मदतीने काम करताना त्या जुलैमध्ये त्यांना परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडला. डास चावतो तेव्हा लाळेबरोबर परजीवी शरीरात जातो, हे कोडे सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचे पूर्ण चक्र ॲनाफिलीसमध्ये दाखवले. श्रेय कोणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी आयुष्यभर भांडले. रॉस यांचा स्वभाव तापट होता. गुरू मॅन्सन यांच्याशीही पुढे त्यांचे बिनसले.

शोधानंतरचे काम : रॉकेल, फावडे आणि टोपली

१८९९ मध्ये रॉस भारत सोडून लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत शिकवू लागले आणि त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला गेले. तिथे ॲनाफिलीसच्या अळ्या रस्त्यांवरच्या डबक्यांत सापडल्या. १९०१ मध्ये एका दात्याच्या पैशातून तिथे मोहीम सुरू झाली. मजुरांची एक टोळी घराघरांतून फुटके डबे आणि बाटल्या गोळा करी, दुसरी डबकी बुजवी. जी बुजवता येत नसत त्यांवर तेल टाकले जाई.

हे तेल म्हणजे मुख्यतः रॉकेल आणि तशी खनिज तेले. ते काम कसे करते हे समजून घ्या, म्हणजे पुढचा मुद्दा सोपा होईल. डासाची अळी पाण्यात राहते, पण तिला श्वासासाठी हवा लागते. डेंग्यूचा एडिस आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स यांच्या अळ्या शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लटकतात. ॲनाफिलीसच्या अळीला अशी लांब नळी नसते, ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते. पाण्यावर तेलाचा सलग पातळ थर असेल तर श्वासाची वाट बंद होते, तेल श्वासनलिकेत शिरते आणि अळी मरते. पण थर सलग हवा, आणि तो उडून गेला किंवा पावसाने फाटला की पुन्हा द्यायला हवा.

१९०२ मध्ये सुएझ कालव्याच्या कंपनीने रॉस यांना इजिप्तमधल्या इस्मालिया या गावी बोलावले. १८७७ पासून तिथे मलेरिया ठाण मांडून होता. गावाजवळची दलदल बुजवण्यात आली, कालवे साफ केले गेले आणि घरांच्या शोषखड्ड्यांत ठरलेल्या माणसांनी नियमाने तेल टाकायचे असे ठरले. १९०२ मध्ये दीड हजारांच्या वर रुग्ण होते. १९०३ मध्ये ते दोनशेच्या आसपास आले आणि १९०५ मध्ये पन्नासच्याही खाली गेले. त्याच १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रिटनला मिळालेले ते पहिले नोबेल.

पण सगळीकडे असे झाले नाही. फ्रीटाउनला पैसा संपला आणि काम थंडावले. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत दुसऱ्या डॉक्टरांनी केलेला प्रयोग तर फसला म्हणूनच गाजला. आसपास शेतीचे कालवे पसरलेले होते, एका भागातले डास मारले की दुसरीकडून नवे येत. अळ्यांच्या मागे लागणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. रॉस संतापले. क्षेत्र अपुरे, पैसा अपुरा आणि काम मोजण्याची पद्धतच नाही, मग यश कसे येणार, असे त्यांचे म्हणणे होते.

डासांचे गणित

इथे लहानपणीची गणिताची आवड कामाला आली. १९०७ च्या अखेरीस ते मॉरिशसला गेले. तिथे हजारो मुलांची पोटे तपासून किती जणांची प्लीहा वाढलेली आहे, हे मोजून कोणत्या भागात मलेरिया किती आहे याचा अंदाज घेतला गेला. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मलेरियाचा एक रुग्ण, त्याला चावणारे डास, त्यांपैकी परजीवी वाढून पूर्ण होईपर्यंत जगणारे डास, आणि त्यांपैकी दुसऱ्या माणसाला चावणारे डास. प्रत्येक पायरीवर संख्या घटते. म्हणजे मलेरिया संपवण्यासाठी शेवटचा डास मारावा लागत नाही. डास एका मर्यादेच्या खाली आणून तिथेच ठेवले, तर नवे रुग्ण जुन्यांपेक्षा कमी होत जातात आणि रोग आपोआप विझत जातो. १९१० साली आलेल्या मलेरिया प्रतिबंधावरील ग्रंथात आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी हे मांडले. साथींचा गणिती अभ्यास आज जिथे जिथे होतो, तिथे या कामाचा उल्लेख होतो.

या हिशेबातला खरा शब्द आहे सातत्य. डास मर्यादेखाली आणणे सोपे, ठेवणे अवघड.

मुंबईत याच सुमारास डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाची पाहणी केली. १९११ च्या त्यांच्या अहवालात मुख्य आरोपी ठरल्या त्या घरोघरच्या विहिरी आणि त्यांत वाढणारा ॲनाफिलीस स्टीफेन्सी डास. विहिरींशी धार्मिक भावना जोडलेल्या असल्याने त्या बंद करायला विरोधही झाला. हाच डास आज गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामाच्या जागी साठलेल्या पाण्यात वाढतो. विहिरी गेल्या, टाक्या आल्या, अळी तीच राहिली.

मग वनस्पतींच्या तेलांचे काय?

वनस्पती डास मारू शकतात यात शंका नाही. रॉस यांच्याच काळात हवाना आणि पनामा इथे डॉ. गॉर्गस यांच्या पथकांनी घरातले डास मारण्यासाठी पायरेथ्रमची धुरी दिली. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची पूड. आज कॉइल आणि लिक्विडमध्ये असणारी औषधे या फुलातल्या द्रव्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली आहेत.

गवती चहा, लवंग, ओवा, निलगिरी, संत्र्याची साल यांची सुगंधी तेलेही अळ्या मारतात. प्रयोगशाळांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, संत्र्याच्या सालीतले लिमोनिन ही द्रव्ये अळीच्या मज्जासंस्थेवर आणि पेशींवर परिणाम करतात. कडुलिंबाचे तेल वेगळे. ते उडून जाणारे सुगंधी तेल नाही. त्यातले ॲझाडिरॅक्टिन अळीची वाढ अडवते.

मग अडचण कुठे आहे? रॉस यांच्यासारखा हिशेब करून पाहा. प्रयोगात कपभर पाण्यात अळ्या सोडतात आणि २४ तासांत निम्म्या अळ्या मरायला किती तेल लागते ते मोजतात. चांगल्या समजल्या जाणाऱ्या अनेक तेलांसाठी हे प्रमाण लिटरमागे काही दशक मिलिग्रॅम असते. लिटरला ५० मिलिग्रॅम धरले तर २०० लिटरच्या पिंपाला १० ग्रॅम तेल लागेल, म्हणजे बाजारात मिळणारी एक छोटी बाटली जवळजवळ पूर्ण. एवढे करून मरतील त्या निम्म्याच अळ्या. शिवाय ही तेले पाण्यात नीट मिसळत नाहीत, हवेत उडून जातात, ऊन आणि हवेने त्यांचा प्रभाव लवकर ओसरतो. काही दिवसांनी मादी डास पुन्हा अंडी घालायला येते, तेव्हा पाण्यात तेलाचा फारसा प्रभाव उरलेला नसतो. आणि पिंपातले पाणी तुमच्या वापराचे राहत नाही ते वेगळेच.

तेल टिकून राहावे म्हणून ते सूक्ष्म थेंबांच्या किंवा कुपीच्या रूपात बनवण्याचे संशोधन जगभर चालू आहे. पण आज तुमच्या पिंपासाठी घरगुती सुगंधी तेल हा भरवशाचा उपाय नाही. आरोग्य विभागाचे कर्मचारी जे औषध टाकतात, म्हणजे टेमेफॉस किंवा बीटीआय हे जिवाणूपासून बनवलेले अळीनाशक, त्याचे प्रमाण ठरलेले असते आणि ते किती दिवस टिकते हे तपासलेले असते. ते टाकायला आले तर नको म्हणू नका.

घरात काय कराल?

- आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पिंप, रांजण, हौद, कुलर, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचे गणित.
- नुसते पाणी ओतू नका, भांड्याच्या आतल्या कडा घासा. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात.
- गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का ते पाहा. टायर, करवंट्या, फुटके डबे टाकून द्या. रिकामा न करता येणारा हौद असेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणा.
- पिण्याच्या किंवा वापरायच्या पाण्यात रॉकेल, फिनेल किंवा कोणतेही सुगंधी तेल टाकू नका.
- रॉकेल, निलगिरी तेल, कापूर मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नका. निलगिरी तेल किंवा कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. रॉकेल पोटात गेल्यास ओकारी करवू नका, कारण ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. मूल बरे दिसत असले तरी लगेच रुग्णालयात न्या.
- बाळाच्या अंगाला शुद्ध सुगंधी तेल चोळू नका. मच्छरदाणी अधिक सुरक्षित आहे.
- ताप आला तर लगेच रक्त तपासा. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव, गुंगी किंवा अस्वस्थपणा ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका.

अखेरची वर्षे

१९११ मध्ये रॉस यांना सर ही पदवी मिळाली. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा मारला गेला. १९२६ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाची संस्था आणि रुग्णालय सुरू झाले. नाव मोठे असले तरी उतारवयात त्यांना पैशाची चणचण होती, आणि आपले कागदपत्र त्यांना विकावे लागले. १९२७ च्या जानेवारीत ते पुन्हा कलकत्त्याला आले. ज्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी १८९८ मध्ये काम केले होते, तिथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या प्रवेशद्वाराच्या अनावरणाला ते स्वतः हजर होते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर डीडीटी आले, फवारण्या आल्या, डास त्यांना सरावले, नवी औषधे आली. उद्या एखादे वनस्पतीचे तेलही यशस्वी ठरेल. तरीही कोणत्याही औषधाला ठरलेल्या दिवशी पुन्हा येणारा माणूस लागतोच. इस्मालियात तो कंपनीच्या पगारावर होता. तुमच्या घरात तो तुम्हालाच व्हावे लागेल. वार ठरवा, घरातल्या एकाकडे काम सोपवा, आणि या आठवड्यापासून सुरुवात करा.